हरकती व सूचना : आपले म्हणणे कोण मांडणार?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावात बदल केल्याच्या जाहिरातींच्या मधोमध, अधूनमधून एक चौकट छापून येते. अमुक नियमांचा मसुदा प्रसिद्ध करण्यात आला आहे, त्यावर कोणाच्या हरकती व सूचना असतील तर त्या तीस दिवसांच्या आत लेखी पाठवाव्यात, मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार होणार नाही. आपल्या वस्तीत ही चौकट कोणी वाचत नाही. वाचली तरी मसुदा कुठे मिळतो ते ठाऊक नसते. मसुदा मिळाला तर तो इंग्रजीत असतो. आणि तो समजून घेईपर्यंत तीस दिवस संपलेले असतात.

मागच्या पावसाळ्यात आमच्या विहारात रविवारची वंदना झाल्यावर एका पदवीधर मुलाने मोबाईलवर अशीच एक सूचना आम्हाला दाखवली. आपल्या मुलांच्या शिक्षणाशी थेट संबंध असलेल्या नियमांत एक खाते बदल करू पाहत होते. मुदत दुसऱ्या दिवशी सायंकाळी संपणार होती. विहारात त्या दिवशी चाळीसएक माणसे होती. त्यांत निवृत्त अधिकारी होते, दोन शिक्षक होते, एक बँक कर्मचारी होता आणि आम्ही स्वतः काळा कोट घालणारे होतो. अठ्ठावीस दिवस ती सूचना सर्वांसमोर पडून होती आणि आम्हा सुशिक्षितांपैकी एकालाही तिचा पत्ता नव्हता! त्या दिवशी आम्हाला जी लाज वाटली, तिच्यातून हा लेख लिहीत आहोत.

आंबेडकरी समाजाला रस्त्यावर उतरणे कोणी शिकवायला नको. निर्णय झाला की मोर्चा निघतो, धरणे होते, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिले जाते, फोटो छापून येतो. तो आपला हक्क आहे आणि तो सोडायचा नाही. पण निर्णय जिथे शिजतो तिथे आपण कधी असतो? समिती, आयोग, सुनावणी, तज्ज्ञांचा गट, मसुद्यावरची चर्चा या सगळ्या जागांवर धोरणाचा पाया घातला जातो. विधेयक सभागृहात येते तेव्हा त्यातली बहुतेक वाक्ये आधीच ठरलेली असतात. ज्या टेबलावर ती वाक्ये ठरतात त्या टेबलापाशी आपला माणूस, आपला कागद आणि आपला आकडा नसेल तर पुढच्या दहा वर्षांच्या मोर्चांची तरतूद आपणच करून ठेवतो.

आम्ही तज्ज्ञांच्या विरोधात नाही. ज्या समाजाला शेकडो वर्षे विद्येपासून दूर ठेवले, त्या समाजाने विद्वत्तेची टिंगल करणे आत्मघातकी ठरेल. धोरण अभ्यासाने ठरावे, पुढाऱ्याच्या लहरीने ठरू नये, हे आम्हाला मान्यच आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. तज्ज्ञ म्हणून बोलावले कोणाला जाते, तो कोणाच्या आयुष्याविषयी बोलतो, आणि ज्याचे आयुष्य आहे त्याला त्या खोलीत शिरता येते काय?

हा प्रश्न आपल्यासाठी नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी तो स्वतःच्या कृतीने सोडवून दाखवला होता. २७ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी साऊथबरो समितीपुढे साक्ष दिली. मताधिकार कोणाला द्यावा याचा विचार करणारी ती समिती होती. बाबासाहेब तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते आणि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. त्यांच्यामागे पक्ष नव्हता, वर्तमानपत्र नव्हते. ‘मूकनायक’ सुरू व्हायला अजून वर्ष होते. होते ते एक लेखी निवेदन. अस्पृश्यांना मतदानाचा हक्क हवा, त्यांचे प्रतिनिधी हवेत, आणि त्यांच्या वतीने दुसऱ्याने बोलणे पुरेसे नाही, हे त्यांनी युक्तिवाद करून मांडले. त्या वर्षीच्या कायद्याने अस्पृश्यांच्या पदरात सरकारी नेमणुकीपलीकडे फारसे काही पडले नाही. म्हणून बाबासाहेबांनी कागद फाडला नाही. तोच मुद्दा घेऊन ते १९२८ साली सायमन कमिशनपुढे गेले. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन दिले, पुण्यात साक्ष दिली आणि त्यासाठी शिव्याशाप खाल्ले. तोच मुद्दा घेऊन ते गोलमेज परिषदेला गेले. १९३२ च्या पुणे करारात प्रांतिक कायदेमंडळांतल्या १४८ राखीव जागा मान्य झाल्या, त्यामागे तेरा वर्षे चिकाटीने मांडलेले म्हणणे होते. करार कोणत्या दडपणाखाली झाला हे आपण जाणतोच. परंतु वाटाघाटीत हातात धरायला भक्कम बाजू होती, ती या साक्षींनी तयार केली होती.

आणि बाबासाहेब फक्त अस्पृश्यांच्या प्रश्नावरच बोलत होते असे नाही. १९२५ साली हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली चलनविषयक शाही आयोग आला. रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला होता. त्यांनी या आयोगापुढे अर्थतज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. पुढे याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. आपले काही वक्ते या प्रसंगाची अतिशयोक्ती करतात. तिची काहीच गरज नाही. ज्याला गावच्या पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हते त्या समाजातला माणूस साम्राज्याच्या चलनावर शाही आयोगाशी तज्ज्ञ म्हणून वाद घालतो, हे सत्यच पुरेसे मोठे आहे.

या इतिहासातला एक प्रसंग मात्र आमच्या मते प्रत्येक तज्ज्ञाच्या टेबलावर लिहून ठेवला पाहिजे. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिम जमातींच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९२९ साली समितीच्या कामासाठी ते खानदेशात फिरत होते. चाळीसगावजवळच्या एका गावात अस्पृश्यांवर सामाजिक बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते परतले. चाळीसगावच्या महारवाड्यातल्या मंडळींनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. पण स्टेशनवरून त्यांना घेऊन जायला एकही टांगेवाला तयार होईना. महाराला टांग्यात बसवून हाकायचे कसे? शेवटी टांगा भाड्याने घेतला गेला आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता असा आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसला. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

सरकारी समितीचा सदस्य, बॅरिस्टर, परदेशी विद्यापीठांचा डॉक्टर. तो ज्या रोगाची तपासणी करायला गेला होता त्याच रोगाने त्याचा पाय मोडला. समितीच्या इतर सदस्यांनीही गावे पाहिली असतील, जबान्या घेतल्या असतील. पण टांगा का येत नाही हे कळायला त्या टांग्याची वाट पाहावी लागते. अभ्यासातून येणारे ज्ञान आणि भोगातून येणारे ज्ञान ही दोन ज्ञाने आहेत. बाबासाहेबांच्या ठायी ती एकत्र आली होती. आजच्या समित्यांत पहिल्या ज्ञानाला खुर्ची असते आणि दुसऱ्याला दाराबाहेर सतरंजीसुद्धा नसते.

याचा परिणाम काय होतो ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. २० मार्च २०१८ रोजी सुभाष काशिनाथ महाजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ॲट्रॉसिटी कायद्याखालची अटक आणि गुन्हा नोंदणी यांवर अटी घातल्या. त्या निकालात २०१५ सालचे सरकारी आकडे होते. पंधरा-सोळा टक्के तक्रारींत पोलिसांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. न्यायालयात निकाली निघालेल्या प्रकरणांपैकी पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी सुटले किंवा प्रकरण मागे घेतले गेले. आकडे खरे होते. पण आरोपी सुटला म्हणजे तक्रार खोटी, हा अर्थ आकड्यात नसतो, तो वाचणाऱ्याच्या मनात असतो. सत्र न्यायालयात ॲट्रॉसिटीची प्रकरणे चालवणाऱ्या कोणत्याही वकिलाला विचारा. पंच त्याच गावचा असतो आणि साक्षीच्या दिवशी फिरतो. तपास ज्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायला हवा त्याने केलेला नसतो. जातीचा दाखला कागदपत्रांत जोडायचा राहून जातो. फिर्यादी ज्याच्या शेतात मजुरीला जातो त्याच्याविरुद्धच त्याला उभे राहायचे असते. हे ज्ञान त्या आकड्यांच्या शेजारी कोणी मांडले होते?

ते मांडले गेले, पण फार मोठी किंमत मोजून. २ एप्रिल २०१८ चा भारत बंद झाला, आपली माणसे मेली, हजारोंवर गुन्हे दाखल झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पुनर्विचार करून आधीचे निर्देश मागे घेतले आणि आरोपी सुटण्यामागे सदोष तपासासारखी कारणेही असू शकतात हे मान्य केले. जी गोष्ट तालुक्याच्या वकिलाला ठाऊक होती ती दिल्लीपर्यंत पोहोचायला दीड वर्ष आणि माणसांचे जीव लागले. हा आहे चर्चेच्या जागेवर हजर नसण्याचा हिशेब.

उलटे उदाहरणही आहे. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली झाला. पुढे कित्येक राज्ये आमच्याकडे असे काम करणारे कोणी उरलेच नाही असे सांगत राहिली. २००३ साली सफाई कर्मचारी आंदोलनाने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. बेझवाडा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोषणांवर भागवले नाही. वस्त्यांतून फिरून कोण, कुठे, कोणते संडास साफ करतो याची नोंद केली, छायाचित्रे काढली, ती न्यायालयापुढे ठेवली. सरकारी प्रतिज्ञापत्र एका बाजूला आणि टोपली उचलणाऱ्या बाईचे छायाचित्र दुसऱ्या बाजूला. २०१३ साली नवा कायदा आला. २७ मार्च २०१४ च्या निकालाने गटारात मरण पावलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश झाला आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती रक्कम तीस लाख केली. गटारातले मृत्यू अजून थांबलेले नाहीत, हे खरे आहे. पण असे कोणी नाहीच हे खोटे उघडे पडले ते वस्तीतल्या माणसांनी गोळा केलेल्या पुराव्याने.

राजस्थानात १९९४ च्या डिसेंबरात कोटकिराना गावी मजूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामावरचे मस्टर गावासमोर मोठ्याने वाचले गेले. कामावर न गेलेल्यांची नावे त्यात निघाली. त्या मस्टरचे सर्वांत मोठे तज्ज्ञ कोण होते? ज्यांची नावे त्यात होती तेच. या वाटेने पुढे २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आला. म्हणून आम्ही म्हणतो की तज्ज्ञ ही पदवीधारकांची मक्तेदारी नाही. मात्र वस्तीतले ज्ञान नुसते ज्ञान असून भागत नाही. ते नोंदवावे लागते, तारीख घालावी लागते, सही घ्यावी लागते. नोंद झाली की त्याचा पुरावा होतो आणि पुराव्याला उत्तर द्यावे लागते.

आता दाराची गोष्ट. म्हणणे मांडायला दारे कायद्याने आहेत, पण ती कशी उघडी ठेवली जातात ते पाहा. केंद्र सरकारने २०१४ च्या फेब्रुवारीत एक धोरण ठरवले. कोणत्याही विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्यापर्यंत तो पोहोचवावा, आलेल्या सूचनांचा गोषवारा प्रसिद्ध करावा. धोरण उत्तम आहे. पण तो कायदा नाही, त्यामुळे पाळला नाही तर जाब विचारता येत नाही. २०२० च्या जूनमध्ये शेतीविषयक तीन वटहुकूम आले आणि सप्टेंबरात त्यांचे कायदे झाले. शेतकऱ्याला कोणी विचारले? तो दिल्लीच्या सीमेवर येऊन बसल्यावर जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार जणांची तज्ज्ञ समिती नेमली. हे चौघेही कायद्यांच्या बाजूने आधीच बोललेले आहेत असे सांगून शेतकरी संघटनांनी समितीपुढे जायला नकार दिला; चौघांपैकी एक जण स्वतःच बाहेर पडला. उरलेल्या तिघांचा अहवाल मार्चमध्ये बंद लिफाफ्यात गेला. अखेर कायदेच मागे घेतले गेले. ज्यांनी लिहिले ते तज्ज्ञ होते आणि ज्यांनी वाचायला हवा होता त्यांच्यापासून अहवाल बंद होता! अशा चर्चेला चर्चा म्हणायचे काय?

भाषेचे दार तर आणखी अरुंद. २०२० च्या मार्चमध्ये पर्यावरणावरील परिणामांच्या तपासणीचे नवे नियम करण्याचा मसुदा केंद्राने काढला. खाण, धरण, कारखाना यांना परवानगी कशी द्यायची आणि लोकांचे म्हणणे किती ऐकायचे हे त्या नियमांनी ठरणार होते. मसुदा इंग्रजीत आणि हिंदीत. ज्याची जमीन जाणार तो गडचिरोलीचा माडिया, ज्याचे पाणी नासणार तो चंद्रपूरचा बौद्ध, यांनी हरकत कोणत्या भाषेत घ्यायची? ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने मसुद्याचे भाषांतर आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये करायला सांगितले आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. केंद्र सरकारने काय केले? भाषांतर करण्याऐवजी सर्वोच्च न्यायालय गाठले. लोकांना त्यांच्या भाषेत मसुदा द्यावा लागू नये म्हणून सरकार देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जाते, यावरून म्हणणे ऐकण्याची इच्छा किती ते दिसते.

२००६ च्या अधिसूचनेखाली होणाऱ्या अशा एका सुनावणीला आम्ही काही वर्षांपूर्वी गेलो होतो. मंडप होता, खुर्च्या होत्या, पोलीस बंदोबस्त होता, चित्रीकरण चालू होते. कंपनीच्या सल्लागाराने पडद्यावर आलेख दाखवले. मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "साहेब, आमच्या हातपंपाचं पाणी भांड्यात ठेवलं की सकाळी वर तवंग येतो, त्याचं काय?" सल्लागाराने प्रमाण मर्यादेत आहे असे काहीतरी इंग्रजी-मराठीत सांगितले. म्हातारी खाली बसली. नंतर आम्ही इतिवृत्ताची प्रत मिळवली. त्यात तिच्यापुढे लिहिले होते, "शंकेचे निरसन करण्यात आले." तिला काहीच समजले नव्हते. ती गप्प बसली, एवढेच घडले होते.

हे गप्प बसणे मोठे धोक्याचे आहे. भगवान बुद्धांच्या संघात ठराव कसा मांडत हे आठवा. महत्त्वाच्या प्रश्नावर आधी ज्ञप्ती मांडली जाई, मग तोच ठराव तीनदा पुकारला जाई. ज्याला मान्य असेल त्याने मौन पाळावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खू संघातल्या या सभानियमांचा, मतमोजणीचा आणि गणपूर्तीचा आवर्जून उल्लेख केला होता. संघात मौनाला संमती मानत, कारण तिथे प्रत्येकाला विषय कळलेला असे, तीनदा विचारलेले असे. तथागतांनी आपली वचने ज्याने त्याने आपापल्या भाषेत शिकावीत असे सांगितले होते. आजचे सरकार एकदाच विचारते, परक्या भाषेत विचारते, आणि आपल्या मौनाला मात्र संमती म्हणून मोजते.

बरे, हरकत घेतलीच तर तिचे पुढे काय होते? महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीने हरकती मागवल्या तेव्हा बारा हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये विधेयक सभागृहांत मंजूर झाले. एवढ्या हजारांतली कोणती सूचना घेतली, कोणती नाकारली आणि का, हे प्रत्येक हरकतदाराला कोणी कळवले? १८९७ च्या सामान्य वाक्खंड कायद्याचे कलम २३ म्हणते की ज्या नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे, त्यांवर आलेल्या हरकतींचा अधिकाऱ्याने विचार केला पाहिजे. इंग्रजांनी केलेला कायदा आहे हा. माहितीच्या अधिकाराचे कलम ४ सांगते की महत्त्वाचे धोरण आखताना सर्व संबंधित माहिती सरकारने आपणहून प्रसिद्ध करावी आणि निर्णयाची कारणे बाधितांना द्यावीत. ही कलमे आपण किती वेळा वापरली?

आता बोट स्वतःकडे वळवू. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती बंधनकारक केली आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष, तीन महिन्यांतून किमान एक बैठक, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अशासकीय सदस्यांना जागा. म्हणजे कायद्याने आपल्याला खुर्ची दिलेली आहे. त्या खुर्चीवर कोण बसते? पुष्कळ ठिकाणी कोणत्या तरी नेत्याचा कार्यकर्ता. त्याला लेटरपॅडवर सदस्य म्हणून नाव छापायचे असते. तो बैठकीला चहा घेतो, सही करतो, निघून येतो. किती गुन्हे तपासावर प्रलंबित, किती पीडितांना अर्थसाहाय्य मिळाले नाही, किती दोषारोपपत्रे मुदतीबाहेर गेली, हा एक कागद घेऊन तो गेला असता तर? सरकारने दार बंद केले तर आपण ओरडतो. उघड्या दारातून रिकाम्या हाताने आत जातो, त्याबद्दल कोण ओरडणार?

आणि आपले विद्वान? बाबासाहेबांच्या पुण्याईने आज आपल्यात प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, सचिवालयातून निवृत्त झालेले अधिकारी आहेत. अर्थसंकल्पाची पुस्तके उलगडून सांगू शकतील अशी माणसे आहेत. ‘पे बॅक टू सोसायटी’ म्हणून ही मंडळी जयंतीला वर्गणी देतात, विहाराला पंखे देतात. त्यांचे आभार. पण समाजाला त्यांच्या वर्गणीपेक्षा त्यांच्या डोक्याची गरज अधिक आहे. आंध्र प्रदेशात काय झाले ते पाहा. अनुसूचित जातींच्या उपयोजनेचा पैसा कुठे जातो हे तिथल्या दलित संघटनांनी, अभ्यासकांनी आणि निवृत्त अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे हिशेब मांडून दाखवले. हा पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये असा कायदा मागितला आणि २०१३ साली तो करून घेतला. कर्नाटकातही त्याच वर्षी कायदा झाला. महाराष्ट्रात ही मागणी आपण भाषणांतून किती वर्षे करतो आहोत! २०२५ साली सामाजिक न्याय खात्याचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याची तक्रार खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीरपणे केली. मंत्री तक्रार करतात तेव्हा समाजाने हिशेब मांडायचा असतो. लेखाशीर्षासह, रकमेसह, वर्षासह.

म्हणून सरकारकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मसुदा मराठीत आणि संपूर्ण हवा, सारांशावर बोळवण नको. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि समाजकल्याण कार्यालयात लागला पाहिजे. मुदत तो मराठीत प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासून मोजावी. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांची तोंडी साक्ष त्यांच्या तालुक्यात घ्यावी. तज्ज्ञ समितीत बाधित समाजाचे, त्या समाजानेच सुचवलेले सदस्य असावेत आणि प्रत्येक सदस्याने आपले हितसंबंध आधी जाहीर करावेत. नाकारलेल्या प्रत्येक हरकतीचे कारण लेखी द्यावे. आणि २०१४ च्या धोरणाला कायद्याचे रूप द्यावे.

समाजाकडेही आमची मागणी आहे. प्रत्येक तालुक्यात एका विहारात, महिन्यातून एकदा, दोन तास एक अभ्यास मंडळ बसावे. त्यात एक वकील, एक शिक्षक, एक निवृत्त कर्मचारी आणि वस्तीतल्या दोन महिला असाव्यात. महिलांचा आग्रह आम्ही मुद्दाम धरतो, कारण हातपंपाच्या पाण्यावर तवंग येतो हे आम्हा पुरुषांना सर्वांत शेवटी कळते. महिनाभरात कोणते मसुदे निघाले ते पाहावे, आपल्याला लागू असलेला एक निवडावा, मराठीत समजून घ्यावा आणि एक पानाची हरकत पाठवावी. पोच घ्यावी. तीन महिन्यांनी माहितीच्या अधिकारात विचारावे की आमच्या हरकतीचे काय केले. हे काम गाजावाजाचे नाही. यात हार नाही, स्टेज नाही, फ्लेक्स नाही. पण १९१९ सालच्या त्या साक्षीतही स्टेज नव्हते.

विहारातल्या त्या रविवारी पुढे काय झाले तेही सांगतो. आम्ही घरी गेलो नाही. शिक्षकांनी मसुदा वाचून मराठीत सांगितला, निवृत्त अधिकाऱ्यांनी कोणते कलम कुठे अडवते ते दाखवले. धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी विचारले की उत्पन्नाचा दाखला दरवर्षी नवा मागितला तर मजुरी बुडवून तहसीलला किती खेपा घालायच्या. तो मुद्दा मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात नव्हता आणि खरे सांगायचे तर आमच्याही नव्हता. तोच आमच्या हरकतीचा पहिला मुद्दा झाला. रात्री अकराला कागद तयार झाला. सोमवारी दुपारी आम्ही तो कार्यालयात दिला, आवक क्रमांक घेतला.

उत्तर अजून आलेले नाही. स्मरणपत्र पाठवले आहे. पुढच्या रविवारी मंडळ पुन्हा बसणार आहे. जयभीम.